मुलं उत्तरं देतायत ना, ताई?

सुजाता,

तुझा फोन अजून माझ्याकडेच आहे. स्वयंपाकघरात, रव्याच्या डब्यामागे, बंद करून ठेवलाय. तू जाऊन पंधरवडा झाला आणि या पंधरवड्यात माझ्या घरी एकदाही उपमा झालेला नाही. ह्यांनी काल विचारलंसुद्धा, "रवा संपलाय का?" मी म्हटलं, "हो." खोटं बोलायची अशी सवय लागली की ती रव्यापर्यंत येऊन पोचते.

शाळेत शोकसभा झाली तुझी. मोठ्या बाईंनी सांगितलं, "शैलाबाई बोलतील, त्या सुजाताबाईंच्या सगळ्यांत जवळच्या." मी उभी राहिले आणि बोलले. फार छान बोलले, हेच तर वाईट आहे. गणिताची बाई इतकं छान बोलते हे कुणाला माहीत नव्हतं. ज्या मोबाईलला आम्ही सगळे नावं ठेवत होतो त्यातून हिनं विज्ञान शिकवलं, असं म्हटलं. शेवटच्या आजारपणात हे काम तिनं विश्वासानं माझ्या हाती सोपवलं, असंही म्हटलं. स्टाफनं डोळे पुसले. शिपाईमामांनी नाक ओढलं. फक्त दहावी ब ची पोरं रडली नाहीत. ती माझ्याकडे बघत होती. चामटोलीची रूपाली पहिल्या ओळीत होती, ती तेवढी खाली आपल्या पायांकडे बघत बसली होती. मी बोलायची थांबले तर लोकांना वाटलं, कंठ दाटला. कंठ कसला दाटतोय, पुढचं वाक्यच नव्हतं माझ्याकडे.

तुला आठवतं ना, या फोनवरून आपण किती भांडलोय! उल्हासनगरच्या त्या सिंधी दुकानदाराकडून तू तो घेतलास तेव्हा मी शेजारीच उभी होते. तू त्याला विचारलंस, "एका वेळी साठ मुलांना मेसेज जाईल का?" तो हसला. "साठ क्या, सौ को भेजो मॅडम. मेसेज का पॅक डलवा लो. लेकिन साईं, साठ बच्चे जवाब देंगे तो उनका पैसा कौन देगा?" तू तिथेच विचारात पडलीस. मी म्हटलं, "चल, तेवढ्या पैशात कुकर येईल." तू कुकर घेतला नाहीस. घरी जाईपर्यंत तुझा तोडगा तयार होता.

जवाब पाठवायचाच नाही! मिस्ड कॉल द्यायचा. प्रश्नाला दोन पर्याय. पहिला बरोबर वाटला तर एकदा वाजवून कापायचं, दुसरा वाटला तर दोनदा. मुलांचा एक पैसा जायचा नाही. प्रश्न जायचा दिवेलागणीनंतर, कारण फोन मुलांचे नव्हतेच. बापाचे होते, काकाचे होते, खरवईच्या त्या नव्या बिल्डिंगमध्ये वॉचमन असलेल्या मामाचे होते. बाप एमआयडीसीतून घरी आला की फोन घरी यायचा आणि फोन आला की विज्ञान घरी यायचं. दुसऱ्या दिवशी तू वर्गात जाऊन सांगायचीस, "काल एकवाले जास्त होते. दोनवाल्यांनो, भांडा आता." आणि पोरं भांडायची. माझा वर्ग शेजारीच. माझ्या लसावि-मसाविवर तुमचा आरडाओरडा येऊन पडायचा.

मी स्टाफरूममध्ये म्हणायचे, "आपण बाई आहोत का किराणा दुकान? कुणीही यावं आणि घंटी वाजवावी! शाळा सुटली की मास्तरकी सुटली पाहिजे." तू डबा खाता खाता म्हणायचीस, "ताई, वाजते म्हणजे पोरगं पुस्तक उघडून बसलंय. मला तर झोपच येत नाही वाजली नाही तर." मग ते ऑर्कुट आलं. पास होऊन गेलेली पोरं तिथे असतात म्हणून तूही जाऊन बसलीस, अंबरनाथच्या एका सायबर कॅफेत, दर रविवारी, कॉलेजच्या टोणग्यांच्या मध्ये. मी म्हटलं, "शोभतं का हे? तिथे मुलं काय काय बघतात, माहितेय का तुला?" तू म्हणालीस, "म्हणूनच जाते. एवढं बघतायत तर माझा प्रश्नपण बघू दे." तुझ्याशी भांडून जिंकता येत नाही, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

तुझ्या त्या तीन मिस्ड कॉलची गोष्ट तर मी घरी, माहेरी, लग्नाकार्यात कितीदा सांगितली असेल. तू प्रश्न पाठवला होतास, एक दिवा गेला तरी बाकीचे पेटत राहतात, ती जोडणी कुठली? एक, एकसर. दोन, समांतर. रूपालीच्या घरून तीन कॉल आले. तू दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलंस, "रूपाली, तीन कसे गं?" ती लाजून उभी राहिली. म्हणाली, "बाई, पप्पांनी आधी एक मारला. ते म्हणतात, माळ एकसर असते, मी गणपतीत लावतो, मला शिकवू नको. मग मी गुपचूप दोन मारले." वर्ग हसून हसून लोळला. तू मात्र हसली नाहीस. फळ्यावर मोठा तीनचा आकडा काढलास आणि म्हणालीस, "आजपासून तीन म्हणजे कळलं नाही. ज्याला कळलं नाही त्यानं तीन द्यायचे. लाजायचं नाही." त्यानंतर तुला एक-दोनपेक्षा त्या तीनचंच कौतुक. सकाळी शाळेत आल्या आल्या सांगायचीस, "ताई, काल सात तीन आले." जशी काही घरात बारशी होती.

आणि तुझा दुसरा नियम. बहुतेकांचं चुकलं तर बरोबर उत्तर सांगायचं नाही. रागवायचं नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न परत पाठवायचा. तो एकसर-समांतरचा प्रश्न तू किती वेळा पाठवलास! मी म्हटलं, "अगं सांगून टाक ना एकदा. पोर्शन कधी संपवणार?" तू म्हणालीस, "सांगितलं की ते माझं उत्तर होतं, ताई. त्यांचं त्यांना येऊ दे."

हे सगळं मी का लिहितेय? तुला काय माहीत नाही का? पण पुढचं लिहायला हात धजत नाही म्हणून मागचं लिहीत बसलेय.

दिवाळीनंतर तुझा ताप निघेना. मग डोळे पिवळे झाले, मग उल्हासनगरच्या दवाखान्यात भरती केलं. मी भेटायला आले तर तू उशीखालून फोन काढून माझ्या हातात दिलास. "यात प्रश्न टाईप करून ठेवलेत. रोज एक पाठवा. हे बटण, मग हे, मग सगळी नावं. दहावीचं वर्ष आहे, मध्ये तुटायला नको." मी चष्मा लावून बटणं बघत होते. तू माझं मनगट धरलंस. हात गरम होता तुझा. "आणि एकच करा ताई, कुणाचा फोन उचलू नका." मी म्हटलं, "बरं."

मी उचलले.

मुद्दाम नाही, असं म्हणायची सोय नाही मला. पहिल्या संध्याकाळी फोन वाजला आणि माझ्या हातानं आपसूक उचलला, ते सोड. आमच्याकडे टेलिफोन यायला किती वर्षं लागली होती. वाजला की धावायचं, हे आमच्या अंगातच मुरलंय. पण नंतरचे? नंतरचे मी समजून उचलले. मला वाटलं, पोरगं बाईंना फोन करतंय आणि बाई नुसती घंटी मोजतेय, हे काय वळण झालं? मी उचलायचे आणि म्हणायचे, "कोण बोलतंय? पूर्ण नाव सांग. आता उत्तर पूर्ण वाक्यात सांग." पलीकडून घाबरून आवाज यायचा, "दोन, बाई." "दोन काय? समांतर जोडणी असं म्हण." पोरगं म्हणायचं आणि घाईघाईनं ठेवायचं. मला वाटायचं, चला, लागली शिस्त. सुजाता बरी होऊन येईल तेव्हा तिला दाखवू, असं चालवतात. हे सुद्धा मनात आलं होतं, सुजाता. तू तिथे सलाईन लावून पडली होतीस आणि मी इथे तुझ्यापेक्षा चांगली सुजाता होऊन दाखवत होते.

आठवडा झाला नाही तोच घंट्या कमी झाल्या. मग चार-दोन. मग फोन मुका. मी प्रश्न पाठवायचे आणि समोर ठेवून बसायचे. हे म्हणाले, "रेंज गेली असेल." रेंज कुठे जातेय!

तुला भेटायला आले तेव्हा तू पहिलं हेच विचारलंस. "मुलं उत्तरं देतायत ना, ताई?" तुझा चेहरा बघवत नव्हता. हे एवढंसं तोंड झालं होतं. मी म्हटलं, "देतायत ना. सगळी देतायत." ते पहिलं खोटं तुझ्यासाठी होतं. मला वाटलं होतं, पोरंच आळशी झाली, बाई नाही तर कोण विचारतंय. ते तुला सांगून कशाला वाईट वाटू द्यायचं?

दोनच दिवसांनी रूपालीचा बाप शाळेत आला. कंपनीचा निळा शर्ट, हातात टोपी. माझ्यासमोर बसायला तयार नाही. उभा राहूनच म्हणाला, "बाई, राग नका धरू. पोरगी मिस कॉल मारायची न् तुमी लगेच उचलायच्या. ती दोनदा मारायची, तुमी दोनदा उचलायच्या. बॅलन्स सगला गेला. मंग ठेकेदाराला फोन कशान करू मी? त्या हप्त्यात पाळी बदलली ती मना कललीच नाय." मी म्हटलं, "अहो, मग आधी सांगायचं ना!" तो म्हणाला, "पोरगी बोलली, बाईंना वाईट वाटल. सुजाताबाई आजारी हायत, त्यांच्या जागी बसल्यात, बोलू नका." आणि मला नमस्कार करून गेला. ज्याची पाळी चुकली, त्यानंच वर मला नमस्कार करायचा!

म्हणजे साठ घरांमध्ये मी हा उद्योग केला होता. आणि ज्या पोरांना मी पूर्ण वाक्यात बोलायला शिकवत होते, त्यांनी माझ्यासाठी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तुला सांगायला हवं होतं. दवाखान्याच्या जिन्यात मी वाक्य जुळवत आले. खोलीत आले तर तू विचारलंस, "मुलं उत्तरं देतायत ना, ताई?" आणि मी म्हटलं, "हो, देतायत." हे खोटं माझ्यासाठी होतं. त्यानंतरची सगळी माझ्यासाठीच. घरी येऊन मी फोन बंद केला आणि रव्याच्या डब्यामागे ठेवला.

पण तू विचारायची थांबेनास. मी आले की तेच. कशी आहेस म्हणून मी विचारायच्या आत तुझं ठरलेलं. एकदा तर मी "देतायत, सगळी देतायत" म्हणत होते आणि तुझ्या उशीखाली तुझ्या भावाचा, मिलिंदचा फोन एकदा वाजून थांबला. मग परत एकदा. तू डोळे मिटलेस आणि पुटपुटलीस, "दोन." मला वाटलं, तापात बरळतेयस. मी तुझ्या कपाळावर ओली पट्टी बदलली. तू हसलीस. ते हसू मी शोकसभेत सुद्धा वापरलं, सुजाता. म्हटलं, शेवटपर्यंत हसतमुख होती.

मग तू गेलीस. तुझा जलदान विधी झाला. मी अंबरनाथला तुझ्या घरी आले.

आता हे दुसरं कबूल करायचं. हे पहिल्याहून जुनं आहे आणि याला फोनची सबबसुद्धा नाही. आपण इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये शेजारी बसलो. माझ्या हळदीकुंकवाला तू आलीस, माझ्या मुलाच्या मुंजीला आलीस, पाटावर बसून जेवलीस. आणि तू दर बुद्ध पौर्णिमेला बोलवायचीस. "माझं नावच सुजाता, ताई. बुद्धाला तिनंच खीर दिली, मग मी खीर वाढल्याशिवाय कशी राहू? कधी येताय?" मी एका वर्षी पापड लाटत होते. एका वर्षी पाहुणे होते. एका वर्षी ऊन फार होतं. बदलापूरहून अंबरनाथला यायला काय लागतं? खरं कारण मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. आणि पुढच्या वर्षी तू परत विचारायचीस, जसं काही पहिल्यांदाच विचारतेयस. मला वाटायचं, बाई भोळी आहे.

तुझ्या घराचं दार मी पहिल्यांदा पाहिलं ते तू त्या घरात नसताना. भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब, खाली तुझा फोटो, मेणबत्त्या. तुझ्या आईनं मला ओळखलं नाही. ओळखणार कशी? नाव सांगितलं तर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्हीच का शैलाताई? पोर दर पौर्णिमेला तुमची वाटी बाजूला काढून ठेवायची. ताई येतील म्हणायची. मग संध्याकाळी तीच खाऊन टाकायची." त्यांना मला टोचायचं नव्हतं. त्या तुझी आठवण सांगत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

वंदना संपली. दहावी ब ची बरीच पोरं आली होती, भिंतीला टेकून बसली होती. मी जेवणाचं ताट घेऊन मिलिंदशेजारी जाऊन बसले. म्हटलं, याला तरी सांगावं. "मिलिंद, तिचा फोन माझ्याकडे आहे. मी जरा... मुलांचं ते मध्येच बंद पडलं." तो म्हणाला, "माहितेय ना मला, ताई." तो म्हणाला, "रूपाली आणि तिचे पप्पा आले होते हॉस्पिटलमध्ये. सुजानं तिला माझा नंबर दिला, बोलली, सगळ्यांना सांग आता ह्याच्यावर द्या. मग काय, रोज मीच टाईप करायचो. ती सांगायची आणि मी दाबायचो. माझे कंपनीवाले वैतागले, बोलले, तुझा फोन एंगेजच असतो यार." आणि डोळे पुसत हसला.

"कधी?" मी विचारलं. "कधी आली होती रूपाली?"

"सुरुवातीलाच. पहिल्याच आठवड्यात."

म्हणजे तुला माहीत होतं. मी जिन्यात वाक्य जुळवत होते, तेव्हा तुला माहीत होतं. मी सगळी देतायत म्हणत होते आणि उशीखाली ती खरोखरच देत होती, आणि तू मोजत होतीस.

मिलिंद म्हणाला, "मी बोललो तिला, अगं सांगून टाक ना ताईंना, कशाला रोज विचारतेस? तर बोलली, उत्तर चुकलंय त्यांचं. उद्या परत विचारीन."

सुजाता, मला तुझा रागसुद्धा आला. खरं सांगते. मी काय दहावीतली पोर आहे? माझ्यावर कसले प्रयोग करतेस? एवढा जीव जात होता तुझा, तर दोन शिव्या घालायच्या होत्यास, मी रडले असते, तुझ्या पायाशी बसले असते, मोकळी झाले असते. तू मला रोज एक संधी दिलीस आणि मी रोज तेच उत्तर दिलं. मग घरी येताना एकदम कळलं की, तू पौर्णिमेचंही असंच विचारत होतीस. वर्षानुवर्षं. भोळी नव्हतीस तू. तुझ्या वहीत मीही एक पोरगी होते, जिचं चुकत होतं, आणि तू सांगून टाकत नव्हतीस.

त्या रविवारी पुण्याहून मुलाचा फोन आला. तो ऑर्कुटवर तुझं पान बघत होता. म्हणाला, "आई, हे काय आहे गं? तुझ्या मैत्रिणीच्या पानावर सगळ्यांनी नुसता आकडा लिहिलाय. श्रद्धांजली नाही, फूल नाही, काही नाही. नुसतं तीन. खाली बघत जावं तर तीन, तीन, तीन." मी त्याला सांगितलं नाही काय ते. सांगू शकले नाही. कळलं नाही, असं म्हणतायत रे ती. बाई गेल्या, हे त्यांना कळलं नाही.

इथपर्यंत लिहून ठेवून दिलं होतं. वाटलं होतं, इथेच संपवावं. आज पुढचं लिहायला बसले, कारण आज काहीतरी झालं.

सकाळी मी तुझ्या वर्गावर गेले. तुझे तास आता मोठ्या बाईंनी वाटून दिलेत, माझ्या वाटणीला आठवड्यातले दोन. मी फळ्याकडे पाठ करून उभी राहिले आणि मुलांना सांगितलं, मी तुमचे फोन उचलले, तुमच्या घरच्यांचे पैसे गेले, माझं चुकलं. आणि सुजाताबाईंनी मला विचारलं तेव्हा मी त्यांना खोटं सांगितलं. मला वाटलं होतं, फार जड जाईल. जड गेलंच. मग मी म्हटलं, "बाईंचे प्रश्न अजून त्यांच्या फोनमध्ये आहेत. मी परत पाठवू का?"

रूपाली उभी राहिली. हात मागे बांधून, तुझ्यासमोर उभी राहायची तशीच.

"पाठवा बाई. फक्त उचलू नका."

वर्ग हसला. मीही हसले आणि मग मला फळ्याकडे तोंड करावं लागलं.

संध्याकाळी रव्याच्या डब्यामागून फोन काढला. चार्जिंगला लावला. ह्यांनी बघितलं, नुसतं म्हणाले, "म्हणजे रवा आहे तर घरात." हे बटण, मग हे, मग सगळी नावं. नवा प्रश्न पाठवला नाही मी. ज्या प्रश्नावर मी फोन उचलायला सुरुवात केली होती, तोच पाठवला. एक दिवा गेला तरी बाकीचे पेटत राहतात, ती जोडणी कुठली? फोन ओट्यावर ठेवला आणि समोर स्टूल घेऊन बसले.

बराच वेळ काही नाही. मला वाटलं, संपलं. माझ्यावर विश्वास ठेवायचं त्यांना काय कारण? मग एकदा वाजला. माझा हात गेला सुजाता, अजूनही जातो. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. थांबला. परत वाजला. थांबला. दोन. मग दुसऱ्या घरून दोन. मग खरवईचा वॉचमन मामा, त्याचे दोन. मग फोन थांबेचना. हे पेपर टाकून दारात येऊन उभे राहिले. सगळीकडून दोन येत होते. आणि अगदी शेवटी, सगळं शांत झाल्यावर, चामटोलीहून रूपालीच्या बापाचा नंबर. एक. जरा वेळ काहीच नाही. मी हात मांडीखालून काढणार होते, तेवढ्यात घाईघाईनं दोन.

मी एकही उचलला नाही.

तू विचारत होतीस ना? आज मला उत्तर येतंय. तेव्हा देत नव्हती, सुजाता. आता देतायत. रूपालीच्या बापाचं तेवढं अजून चुकतंय. उद्या परत पाठवते.